डाव्या तळहातावर

पिस्तूल आर्व्हिल चालवायचा, पण गोळ्या भरायची डेल्फी.

आमच्या खोऱ्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. आर्व्हिल स्परलॉकचा उजवा अंगठा कोळशाच्या खाणीत दगडाखाली सापडला आणि पुन्हा कधी वाकला नाही. रताळ्यासारखा जाड नि ताठ, हाताच्या कडेला नुसता पडून असायचा. मॅगझिनची, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत सरकवायच्या गोळ्यांच्या पेटीची, स्प्रिंग दाबून एकावर एक गोळ्या बसवायच्या तर अंगठ्यात जोर लागतो. तो जोर डेल्फीकडे होता. चाळीस वर्षं बिस्किटांचं पीठ मळून आलेला.

ओसरीवर झोपाळ्यात बसून ती हे काम करायची. एका मांडीवर घेवड्याच्या शेंगांचं भांडं, दुसऱ्या मांडीवर गोळ्यांची डबी. शेंगेची शीर जशी ओढायची, तशीच गोळी दाबायची. ओठातल्या ओठात काहीतरी गुणगुणायची. तिची बहीण ओमा सांगते, ते गाणं कुणी तिला शिकवलेलं नव्हतं, तिचं तिनंच जुळवलं होतं.

पहिली गेली खोल, तिच्यावर काळोख
दुसरीला तिची, पाठीनंच ओळख
तिसरी चवथी बाई, जावा एका घरी
पाचवीच्या माथी, सहावीची पायरी
शेवटी आली तिचं, आधी बोलावणं
पहिलीच्या नशिबी, वाट बघत राहाणं

गाणं संपलं की मॅगझिन भरलेलं. अशी दोन भरायची. एक आर्व्हिलच्या पिस्तुलात जाई, आणि ते पिस्तूल सदऱ्याखाली, उजव्या कमरेला. दुसरं डेल्फीच्या पर्समध्ये. आर्व्हिलच्या डाव्या कमरेला पाठीच्या दुखण्याचा पट्टा असायचा, तिथं काही खोचता येत नव्हतं, आणि खिशात ठेवलं तर पँट खाली ओढायची. "बाहेरून कळता कामा नये," तो म्हणायचा. "लोकांना कळलं तर लपवून बाळगण्यात अर्थ काय?"

पण लोकांना कळायचंच. चर्चच्या तळघरात तो पिस्तुलाचे वर्ग घ्यायचा. अर्धं खोरं त्याच्याकडं शिकलेलं.

"गोळ्या संपल्यावर भरतो तो गाढव," तो फळ्यासमोर उभा राहून सांगायचा. "संपायच्या आधी, आडोशाला जाऊन, समोरचा दम खातोय तेवढ्यात भरतो, तो घरी येऊन जेवतो. कधी भरायचं, कुठं भरायचं, हे घरून ठरवून निघायचं. तिथं गेल्यावर डोकं चालत नाही, हात चालतात. हाताला जे शिकवलंय तेच हात करतो."

"आणि आडोसा नसला तर?" कुणीतरी विचारलं.

"मग मी डेल्फीच्या मागं उभा राहीन. रुंदी भरपूर आहे."

सगळे हसले. डेल्फी कोपऱ्यात कॉफीचे कप मांडत होती. तीही हसली, कारण हसली नसती तर घरी गेल्यावर त्याचाही हिशेब झाला असता.

*

मार्चमध्ये आर्व्हिलनं हॉबर्ट टॅकेटची कुत्री मारली.

हॉबर्ट शेजारचाच. बायको नाही, पोर नाही, एक आई होती ती गेली. उरली होती ती क्वीनी, लांब कानांची शिकारी कुत्री, रात्री डोंगरावर भुंकली की हॉबर्टला आवाजावरून कळायचं की रॅकूनचं जनावर झाडावर चढलंय की बिळात शिरलंय. ती कुंपण ओलांडून स्परलॉकांच्या खुराड्यापाशी आली. आर्व्हिल म्हणाला, कोंबड्यांवर आली होती. एकही कोंबडी कमी झालेली नव्हती. त्यानं कुत्रीला पेंडीच्या पोत्यात घातलं आणि हॉबर्टच्या फाटकावरून आत भिरकावलं.

आठवड्यानं पेंडीच्या दुकानात हॉबर्ट समोर आला. हातात टोपी. बारीक आवाजात एवढंच म्हणाला, "आर्व्हिल, आपली गाठ पडेल."

"पडू दे की. पोतं रिकामं झालं असेल तर परत आणून दे."

दुकान हसलं. हॉबर्ट टोपी घालून निघून गेला. त्या दिवसापासून आर्व्हिलच्या अंगात वारं शिरलं. इतकी वर्षं तो ज्याची तयारी करत होता, त्याला आता एक तोंड मिळालं होतं, नाव मिळालं होतं, घर मिळालं होतं. हॉबर्ट येणार. कुठून येईल, आपण कुठं असू, किती गोळ्या जातील, दुसरं मॅगझिन कधी मागायचं. तो बेतून ठेवायला लागला. आणि त्या बेताचा अर्धा भाग डेल्फी होती.

"माझा डावा हात असा मागं येईल," त्यानं तिला स्वयंपाकघरात उभं केलं. "तळवा वर. मी म्हणेन 'दे'. तू त्यात मॅगझिन ठेवायचंस. गोळ्यांची टोकं पुढं. मी वळून बघणार नाही. कळलं?"

"कळलं."

"दे!"

तिनं दिलं. टोकं मागं झाली होती. बाजूला कॉर्नब्रेडच्या पिठाचा लाकडी चमचा पडला होता, तो तिच्या बोटांवर बसला.

"मेलो. तुझ्यामुळं मेलो. पुन्हा."

जेवताना, भांडी घासताना, रेडिओवर प्रवचन चालू असताना, कधीही तो हात मागं करायचा. तिचे हात साबणाचे असोत की पिठाचे. महिन्याभरात टोकं कधी चुकेनाशी झाली. तळव्यावर मॅगझिन पडल्याचा आवाज दार लागल्यासारखा नेमका यायचा.

एकदा ती घाईत चुकली. त्याचा हात मागं आला, आणि तोंडातून शब्द यायच्या आधीच तिनं मॅगझिन ठेवलं. आर्व्हिल दचकला, ते जमिनीवर पडलं.

"मी मागितलं? 'दे' म्हटलं मी?"

"हात मागं आला म्हणून..."

"हात खाजवायलाही मागं येईल! मधेच हातात कोंबलंस तर माझा नेम जाईल. मी तिथं मरून पडेन आणि तू काळा झगा घालून लोकांनी मयताला आणलेलं बटाट्याचं सॅलड खात बसशील. तेच पाहिजे ना तुला? उचल. धर हातात. हात लांब कर. आता मी 'दे' म्हणेपर्यंत असंच उभं राहायचं."

तो जेवायला बसला. वाल आणि कांदा, वर ताक. सावकाश जेवला. तिचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यानं आणखी एक भाकरीचा तुकडा मोडला. पुसून काढल्यासारखी थाळी स्वच्छ केली, तोंड पुसलं, खुर्ची मागं सारली, आणि मग न बघता डावा हात मागं केला.

"दे."

*

या सगळ्यात डेल्फीची एक आवडती गोष्ट होती. ती ऐकायला विचित्र वाटेल.

खऱ्या गोळ्यांमध्ये एखादी खोटी घालायची, नारिंगी प्लॅस्टिकची. कितवी ते चालवणाऱ्याला माहीत नसतं. चाप ओढला की नुसतं 'टक' होतं, आणि मग त्यानं पिस्तुलाच्या बुडावर थाप मारून, वरची लोखंडी स्लाइड खेचून, खोटी गोळी बाहेर उडवून पुढं चालू करायचं. अडलेलं पिस्तूल न घाबरता सोडवायची ही सवय. खोटी गोळी घालायला दुसरं माणूस लागतं, आणि ते माणूस अर्थात डेल्फी.

शनिवारी कुरणात, जुन्या टायरांवर कागद लावून तो सराव करायचा. 'टक' झालं की तो मान वळवून तिच्याकडं बघायचा आणि हसायचा. "फसवलंस गं!" म्हणायचा. दातांत फट असलेलं, पोरासारखं हसू. लग्नाआधी जत्रेत तिनं पाहिलेलं तेच. बाकी आठवडाभर ते हसू घरात कुठंच सापडत नसे. त्या एका हसण्यासाठी ती विचार करकरून खोटी गोळी लपवायची, कधी दुसरी, कधी शेवटून दुसरी, सणाच्या केकमध्ये बदाम लपवावा तशी. सराव संपला की नारिंगी गोळ्या मोजून तपकिरीच्या डब्यात, डबा खणात. आणि खऱ्या गोळ्यांनी दोन्ही मॅगझिनं पुन्हा भरायची, गाणं म्हणत.

मेमधल्या एका शनिवारी मात्र ती केकच्या थरांसाठी सफरचंदं शिजवत होती. घाईत तिनं सगळ्या खऱ्याच भरल्या.

आर्व्हिलनं नेम धरला. गोळ्या गेल्या. मग 'टक'.

तो वळला, हसला. "फसवलंस गं!" थाप मारली, स्लाइड खेचली. बाहेर काही उडालं नाही.

"गवतात गेली. शोध."

"आज मी घातलीच नव्हती, आर्व्हिल. गोळ्या संपल्या असतील."

त्याचं हसू गेलं. "संपल्या की स्लाइड मागं अडकून राहते. हे मी शेंबड्या पोरांना शिकवतो. अडकली का? नाही. म्हणजे आत गोळी होती. म्हणजे तुझी होती."

त्याचा तो ताठ अंगठा पिस्तुलाच्या कडेच्या खिट्टीवर दाबून बसला होता, म्हणून स्लाइड अडकली नव्हती. अंगठ्यात जाणीव नव्हती, त्याला काय कळणार! हे आम्हालाही पुढं शेरिफच्या पोलिसांनी पिस्तूल तपासून सांगितलं तेव्हा कळलं. एरवी तो गोळ्या संपायच्या आधीच मॅगझिन बदलायचा, त्यामुळं त्या दिवशी कुरणात दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

"मला खोटं पाडतेस? शोध म्हटलं ना."

ती गुडघ्यांवर बसली. गवत ओलं होतं. ती हातांनी विंचरत गेली, जणू कुणाचे केस विंचरतेय. तो टायरावर बसून तंबाखू चघळत बघत होता. "डावीकडं. आणखी डावीकडं. म्हैस बरी, तिला निदान गवत खाता तरी येतं." सफरचंदं करपल्याचा वास कुरणापर्यंत आला. तिनं उठायला बघितलं. "सापडली का? नाही? मग बस खाली." झग्याचे गुडघे हिरवे झाले. जी गोळी नव्हतीच ती कशी सापडायची?

शेवटी ती म्हणाली, "शेगडी बंद करून येते." घरात गेली, खण उघडला, डब्यातून एक नारिंगी गोळी काढून मुठीत घेतली, आणि परत येऊन गवतात थोडा वेळ चाचपडून ती वर धरली.

"सापडली."

"बघ," आर्व्हिल म्हणाला. आणि पुन्हा हसला, तेच हसू. "मला फसवणारी अजून जन्मायचीय."

त्या दिवसापासून त्याच्या मनात पक्कं बसलं. 'टक' झालं, की डेल्फीनं काहीतरी घातलंय.

*

मेच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडं सगळी घराणी टेकडीवरच्या कबरस्तानात येतात. गवत काढतात, दगड धुतात, फुलं वाहतात, मग खाली ओकच्या झाडांखाली टेबलं मांडून एकत्र जेवतात. हॉबर्टची आई तिथं आहे. म्हणजे हॉबर्ट येणार.

आर्व्हिल आदल्या दिवशी डेल्फीला घेऊन टेकडीवर जाऊन आला. प्रत्येक दगडावर बोटानं टकटक करत फिरला.

"हा वाळूचा, यातून गोळी आरपार जाईल. हा पातळ. माझ्या आजाला चिकटूनच मरायची वेळ येईल. हा बघ. ग्रॅनाइट. हा चालेल."

तो त्यांचाच दगड होता. नवा, काळा, रुंद. त्यानं दोन वर्षांपूर्वीच बसवून घेतला होता. डावीकडं त्याचं नाव नि जन्मसाल, उजवीकडं तिचं नाव नि जन्मसाल, पुढची जागा दोघांचीही कोरी.

"मी इथं गुडघा टेकेन. तू माझ्या डाव्या खांद्यामागं. पर्स उघडी. मी 'दे' म्हणेन. काय करशील?"

"टोकं पुढं."

"आणि मी म्हणेपर्यंत?"

"नाही देणार."

"शहाणी."

रविवार उजाडला तो असा मऊ, की डोंगरावर लॉरेलची फुलं दुधासारखी सांडली होती. पाद्र्याची प्रार्थना झाली. माणसं खाली जेवायला गेली. तळलेली कोंबडी, सॅलडं, केक. लहान पोरं पानांवरून घसरत होती. आर्व्हिल मात्र वर आपल्या दगडापाशी रेंगाळला, फुलदाणी नीट करायच्या मिषानं. त्याला गाठ पडायला हवीच होती. डेल्फी निळ्या झग्यात, पर्स काखेला, त्याच्यामागं.

हॉबर्ट आला. आधी आईच्या दगडापाशी गेला, डब्यातलं पाणी घातलं, फुलं ठेवली, टोपी काढून उभा राहिला. मग इकडं वळला. हातात चामड्याचा पट्टा होता, पितळेच्या चकतीचा.

"आर्व्हिल."

"बोल, हॉबर्ट. नवी कुत्री घेतलीस का? की आता स्वतःच भुंकतोस?"

"क्वीनीचा पट्टा आणलाय. तुझ्या दगडावर ठेवू म्हटलं."

"तुझ्या आईच्या दगडावर ठेव. तिला शोभेल."

हॉबर्टच्या तोंडावरची एक शीर हलली, बस एवढंच. पट्टा त्यानं सावकाश गवतावर ठेवला, आणि उठताना हात कोटाच्या आत गेला.

आर्व्हिल जिंकला, तेवढ्यापुरता. जसं ठरवलं होतं तसंच झालं. पिस्तूल बाहेर, गुडघा जमिनीवर, ग्रॅनाइटचा आडोसा. पहिल्याच गोळीनं हॉबर्ट वळला, खांदा लाल झाला, जुन्या रिव्हॉल्व्हरसकट तो आईच्या दगडामागं पडला. इथं थांबायचं होतं. समोरचा दम खातोय, आपण आडोशाला आहोत, हीच ती वेळ. तळघरातल्या फळ्यावर हेच लिहिलेलं होतं. पण आर्व्हिलला आता मजा यायला लागली होती. तो त्या दगडावर गोळ्या घालत सुटला. दगडाचे कपचे उडत होते, हॉबर्टच्या आईच्या नावातली अक्षरं उडत होती.

खाली टेबलं उलटली, बायका पोरांना अंगाखाली घेऊन गवतात पडल्या. वर डेल्फी गुडघे टेकून बसली होती. मॅगझिन तिच्या हातात आलं होतं, टोकं पुढं. आणि तिच्या ओठांवर, नकळत, गाणं उलटं चाललं होतं. नळीत आधीच चढवून ठेवलेली होती ती गेली. मग शेवटी आली ती सहावी. पाचवी. दोघी जावा. पाठीनंच ओळख असलेली. आणि मग ती खोल काळोखातली, जिच्या नशिबी वाट बघत राहाणं होतं, तीही गेली.

संपल्या. तिला कळलं. तिचा हात वर आला, त्याच्या डाव्या हाताच्या दिशेनं, वीतभर अंतरावर. आणि तिथं थांबला.

टक.

आर्व्हिलनं मान वळवली. सवयीनं. तोंडावर ते हसू अर्धं आलंही होतं. "फसवलंस गं," एवढं म्हणून गेला, आणि मग हसू नासलं.

"आज? आजही घातलीस?"

त्यानं बुडावर थाप मारली, स्लाइड खेचली. बाहेर काही उडालं नाही. तो गवतात बघायला लागला. नारिंगी कुठं दिसते का, ते शोधायला लागला. पुन्हा चाप. पुन्हा टक. पुन्हा मान तिच्याकडं.

"किती घातल्यास, सटवे? किती?"

"आर्व्हिल..."

"गप्प! घरी चल, मग बघतो तुला."

त्याचा डावा हात स्लाइडवर होता. मागं आलाच नाही. मॅगझिन तिच्या तळव्यात होतं, वरच्या गोळीचं गार टोक तिच्या अंगठ्याला लागत होतं. तो तिच्या डोळ्यांत बघत होता, इतक्या जवळून, इतका वेळ, कितीतरी वर्षांनी.

हॉबर्ट दगडाला धरून उठला. कसलीच घाई नसावी तसा बाजूनं चालत आला. एकच आवाज झाला.

आर्व्हिल आपल्याच दगडाला टेकून खाली सरकला. त्याच्या नावापुढच्या कोऱ्या जागेवर लाल ओघळ आला.

हॉबर्टनं रिव्हॉल्व्हर फुलदाणीशेजारी ठेवलं. जखमी खांदा धरून तो गवतावर बसला, पट्टा मांडीवर घेतला. मग त्याचं लक्ष डेल्फीच्या हाताकडं गेलं. तो बघतच राहिला.

"तुझ्या हातातच होतं की गं," तो म्हणाला.

*

ओमा धापा टाकत वर आली. तिनं बहिणीला गदागदा हलवलं. "डेल्फी! अगं, धरून काय बसलीस? दिलं का नाहीस त्याला?"

"त्यानं मागितलं नाही."

"मागितलं नाही म्हणजे? मरत होता तो!"

"'दे' म्हणाला नाही तो."

ओमानं तोंडावर हात घेतला. खोऱ्यात त्यावरून अजून दोन तट आहेत. कुणी म्हणतं, बिचारीचा हात लाकडाचा झाला होता. कुणी म्हणतं, तिनं पुरती संधी साधली. पेंडीच्या दुकानात कुणीही कुणाला पटवू शकलेलं नाही.

शेरिफचा डेप्युटी आला तेव्हा ती तशीच बसली होती, हात लांब केलेला, तळवा वर. हात काही केल्या खाली येत नव्हता. डेप्युटी खोऱ्यातलाच, चर्चच्या तळघरात आर्व्हिलकडं शिकलेला. त्यानं आधी हॉबर्टला बेड्या घातल्या, मग टोपी काढून तिच्यासमोर उकिडवा बसला. ओमानं केव्हापासून ते मॅगझिन ओढून घ्यायचा प्रयत्न चालवला होता, बोटं सुटत नव्हती.

"मावशी," तो हळूच म्हणाला आणि उजवा हात पुढं केला. "दे ते इकडं."

डेल्फीनं त्याचा उजवा हात बाजूला सारला. त्याचा डावा हात धरला, वळवून तळवा वर केला, आणि मॅगझिन त्यावर ठेवलं. टोकं पुढं. दार लागल्यासारखा नेमका आवाज झाला.